लेखकाचं घर स्मारक होतं, पण ते चालवतं कोण? मालगुंडपासून नवेगावबांधपर्यंत, समजून घ्या सगळा कारभार

गोंदिया : जिल्ह्यात साहित्यिकांच्या स्मारकाचा विषय निघाला की दोन गावांची नावं हमखास पुढे येतात. एक आमगाव तालुक्यातलं पदमपूर, म्हणजे संस्कृत नाटककार भवभूतींचं गाव. दुसरं अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं नवेगावबांध, जिथल्या जंगलानं आणि तलावानं मारुती चितमपल्ली यांना लिहितं ठेवलं. स्मारक व्हावं यावर गावात सहसा कोणाचं दुमत नसतं. खरा प्रश्न फीत कापल्यानंतर सुरू होतो. जागा कोणाच्या नावावर आहे? समितीत कोण बसणार? चावी कोणाकडे राहणार? आणि तिसऱ्या वर्षीचं लाईट बिल कोण भरणार?

महाराष्ट्रात लेखक-कवींची घरं जपली गेली आहेत. काही चांगली चालतात, काही जेमतेम. चालणाऱ्या घरांकडे बघितलं तर लक्षात येतं की इमारत हा त्यातला सोपा भाग आहे. इमारतीला एकदाच पैसा लागतो, कारभाराला दर महिन्याला लागतो. तो कारभार कसा बसवला जातो, कायदा काय म्हणतो आणि आपल्या गावात असं काही करायचं झालं तर कुठून सुरुवात करावी लागते, ते इथे समजून घेऊ.

आधी बघा, घर कोणाच्या नावावर आहे

गावठाणातल्या जुन्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये त्याची नोंद असते आणि बरेच लोक तोच मालकीचा कागद समजतात. नमुना ८ ही घरपट्टी आकारणीची नोंद आहे. कर कोणी भरायचा हे त्यावरून ठरतं, मालकी पक्की होत नाही. आता स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी झालेल्या गावांत मिळकत पत्रिका मिळते, तो कागद जास्त कामाचा.

लेखक जाऊन पन्नास-साठ वर्षं झाली असतील तर घरावर वारस किती? मुलं, मुली, नातवंडं. कोणी नागपुरात, कोणी पुण्यात, कोणी परदेशात. त्यातल्या एकानं भर सभेत "घर गावाला दिलं" असं सांगितलं आणि टाळ्या पडल्या, तरी घर गावाचं होत नाही. सगळ्या वारसांची नोंद, मग बक्षीसपत्र किंवा खरेदीखत, आणि त्याची दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी, एवढं झाल्यावरच मालकी बदलते. काही वारसांना आपला हिस्सा दुसऱ्या वारसाच्या नावे सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र होतं, तेही नोंदवूनच. हे काम बांधकामाच्या आधी करायचं असतं. रंगरंगोटी झाल्यावर घराची किंमत वाढते, आणि तोवर गप्प असलेल्या एखाद्या वारसाला तेव्हाच आपल्या हिश्श्याची आठवण येते.

घर कोणाच्या नावावर करायचं, यावर पुढचा सगळा कारभार ठरतो. साहित्य संस्थेच्या नावावर, स्वतंत्र ट्रस्टच्या नावावर, ग्रामपंचायतीच्या नावावर की सरकारच्या? प्रत्येकाचं चालणं वेगळं असतं.

मालगुंड : साहित्य परिषदेनं सांभाळलेलं घर

रत्नागिरी जिल्ह्यात गणपतीपुळ्याला लागून मालगुंड हे गाव आहे. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं ते केशवसुत, म्हणजे कृष्णाजी केशव दामले, यांचा जन्म इथे १८६६ साली झाला. वडील शाळामास्तर. केशवसुतांनीही आयुष्यभर मास्तरकीच केली आणि १९०५ साली हुबळीला प्लेगनं त्यांचा मृत्यू झाला. वय चाळिशीच्या आतलं. हयातीत त्यांचा एकही कवितासंग्रह निघाला नव्हता. अशा माणसाचं जन्मघर शंभर वर्षांनी टिकून राहील, असं कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

ते टिकलं, कारण त्याच्यामागे एक संस्था उभी राहिली. १९९० साली रत्नागिरीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष होते मधु मंगेश कर्णिक. पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, कर्णिकांच्या पुढाकारानं कोकण मराठी साहित्य परिषद स्थापन झाली. परिषदेनं मालगुंडचं काम हाती घेतलं. केशवसुतांचं घर जुन्या पद्धतीनंच दुरुस्त केलं, शेजारी वाचनालय आणि कार्यक्रमासाठी जागा केली, मराठी कवींची ओळख करून देणारं दालन उभं केलं. ८ मे १९९४ रोजी कुसुमाग्रजांच्या हस्ते स्मारकाचं उद्घाटन झालं. आज तीस वर्षं उलटून गेली, स्मारक सुरू आहे.

यात शिकण्यासारखं काय? पहिली गोष्ट अशी की स्मारकासाठी वेगळी, एकटी समिती काढून ती वाऱ्यावर सोडली नाही. कोकणातल्या जिल्ह्या-तालुक्यांत शाखा असलेल्या साहित्य परिषदेच्या कामाचा तो भाग झाला. एका गावातली चार माणसं थकली किंवा आपसात बिनसलं, तरी मागे मोठी संस्था असते. तिच्या निवडणुका होतात, हिशोब तपासले जातात, नवी माणसं येतात.

दुसरी गोष्ट जागेची. गणपतीपुळ्याला देवदर्शनाला आणि समुद्रावर येणारी गर्दी हाकेच्या अंतरावर आहे. त्यातले काही लोक, शाळांच्या सहली, कवितेची आवड असलेले पर्यटक मालगुंडला वळतात. फक्त कवीच्या नावावर गर्दी खेचणारं घर महाराष्ट्रात विरळाच. बहुतेक ठिकाणी शेजारचं देऊळ, किल्ला, तलाव किंवा जंगल पाहुणे आणतं आणि कवीचं घर त्या पाहुण्यांना थांबवतं. नवेगावबांधच्या लोकांनी ही गोष्ट डोक्यात ठेवावी.

तिसरी गोष्ट, घराला वाचनालय जोडलेलं आहे. प्रदर्शन माणूस एकदा बघतो. वाचनालयात तो आठवड्यानं परत येतो. गावातल्या पोरांना तिथं जायला कारण मिळालं की स्मारक पाहुण्यांपुरतं राहत नाही.

सरकारनं घेतलं तर : फुले वाडा

पुण्याच्या गंज पेठेतला महात्मा फुले वाडा हे दुसऱ्या पद्धतीचं उदाहरण. महात्मा जोतीराव फुले इथे राहिले, २८ नोव्हेंबर १८९० रोजी इथेच त्यांचं निधन झालं. 'गुलामगिरी' आणि 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या या लेखकाचा वाडा आज राज्य संरक्षित स्मारक आहे. रत्नागिरीतलं लोकमान्य टिळकांचं जन्मस्थानही त्याच यादीत येतं.

राज्य संरक्षित म्हणजे राज्य सरकारच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली. त्यासाठी १९६० चा महाराष्ट्र प्राचीन स्मारके कायदा आहे. आधी प्राथमिक अधिसूचना निघते, लोकांच्या हरकती मागवल्या जातात, मग अंतिम अधिसूचना. एकदा संरक्षित झालं की परवानगीशिवाय त्यात खिळासुद्धा ठोकता येत नाही. दुरुस्ती करायची तर जुन्या बांधकामाची जाण असलेल्या माणसांकडून, मूळ साहित्याला धरून. चुन्याच्या भिंतीला सिमेंट फासायचं नाही, मातीच्या भिंतीला टाईल्स लावायच्या नाहीत.

याचा फायदा मोठा आहे. वारस बदलले, पुढारी बदलले, तरी घर पडत नाही आणि बिल्डरच्या घशात जात नाही. तोटाही आहे. कौल फुटलं तरी अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा या वाटेनं जावं लागतं आणि पावसाळा कोणासाठी थांबत नाही. गावकऱ्यांचा हात लागणंही कमी होतं, कारण घर आता 'खात्याचं' झालेलं असतं. यावर उतारा म्हणून राज्यात 'महाराष्ट्र वैभव – राज्य संरक्षित स्मारक संगोपन योजना' आहे. तिच्यात संस्था किंवा कंपनी ठरावीक मुदतीसाठी स्मारकाच्या देखभालीचा भार उचलू शकते. मालकी आणि नियंत्रण मात्र सरकारचंच.

फुले वाड्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसते. वाडा दाट वस्तीत आहे. तो आणि जवळचं सावित्रीबाई फुले स्मारक जोडून विस्तार करायचा म्हटलं की मधल्या घरांचं भूसंपादन आलं, तिथल्या कुटुंबांचं पुनर्वसन आलं. स्मारक मोठं करताना शेजारी राहणाऱ्यांचं काय, हा प्रश्न शहरातच येतो असं नाही. गावातल्या अरुंद बोळातही येतो.

लंडनचं घर : शेजाऱ्यांनी हरकत घेतली तेव्हा

शेजाऱ्यांचा विषय निघाला म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लंडनमधल्या घराची गोष्ट सांगायला हवी. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब लंडनला शिकत असताना १०, किंग हेन्रीज रोड या पत्त्यावर राहत होते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा गाजलेला ग्रंथ त्याच लंडनच्या शिक्षणातून तयार झाला आणि १९२३ साली प्रसिद्ध झाला. हे घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली विकत घेतलं, किंमत सुमारे ३१ लाख पौंड. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते उद्घाटन झालं.

पण ते घर सरकारी कागदावर राहण्याचं घर होतं. त्याचं संग्रहालय करायचं तर तिथल्या कॅम्डन कौन्सिलची, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारख्या संस्थेची, वापर बदलाची परवानगी लागत होती. शेजारच्या काही रहिवाशांनी गर्दी आणि आवाजाची तक्रार केली. २०१८ मध्ये कौन्सिलनं परवानगी नाकारली. अपील झालं, २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली आणि अखेर मार्च २०२० मध्ये ब्रिटन सरकारच्या मंत्र्यांनी संग्रहालयाला मंजुरी दिली. घर घेऊन पाच वर्षं होत आली होती. एका राज्याचं सरकार मालक, जगभर अनुयायी असलेला महापुरुष, तरीही वापर बदलाचा कागद नसल्यानं अडकायला झालं. आपल्याकडेही घरगुती मीटरवर सार्वजनिक वाचनालय चालवलं की वीज कंपनी विचारते, आणि राहत्या घरात कार्यक्रमाचा भोंगा लावला की शेजारी विचारतो. आधी शेजाऱ्यांशी बोलून घेतलेलं बरं.

कुटुंब, उद्योग आणि विद्यापीठ

जळगावात बहिणाबाई चौधरींचा वाडा आहे. अक्षरओळख नसलेल्या या कवयित्रीच्या ओव्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी उतरवून घेतल्या. त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या आग्रहामुळे, त्या पुस्तकरूपात आल्या. जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात आता त्यांचं स्मृती संग्रहालय आहे. ते उभं करण्यात जळगावच्या जैन उद्योगसमूहाच्या परिवारातल्या ट्रस्टचा हात आहे. इथं दाखवायला हस्तलिखितं नाहीत, असायचं कारणही नाही. बाई ज्या वस्तूंत वावरली त्या घरातल्या आणि शेतातल्या वस्तू हाच संग्रह. आपल्या भागातल्या लोकांनी हे नीट बघून यावं. लेखकाचं संग्रहालय म्हणजे काचेत पेन आणि चष्मा, ही समजूत तिथं गळून पडते.

कोल्हापुरात वि. स. खांडेकरांचं स्मृती संग्रहालय शिवाजी विद्यापीठाच्या आवारात आहे. 'ययाति'साठी ज्ञानपीठ मिळालेल्या या लेखकाच्या वस्तू आणि कागद विद्यापीठाच्या ताब्यात असल्यानं अभ्यासक, ग्रंथपाल, सुरक्षारक्षक सगळं एकाच छताखाली मिळतं. घराची ऊब मात्र आवारातल्या इमारतीला येत नाही.

ट्रस्ट म्हणजे नेमकं काय करावं लागतं

गावपातळीवर बहुतेक वेळा ट्रस्टचाच मार्ग निघतो, म्हणून हा भाग जरा सविस्तर.

१८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किमान सात जण मिळून संस्था नोंदवता येते. महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंद १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही होते, म्हणजे धर्मादाय कार्यालयात. घटना, म्हणजे संस्थेचे नियम, लिहिताना लोक दुसऱ्या संस्थेची नक्कल मारतात आणि नाव बदलून देतात. सगळी भांडणं पुढे तिथूनच निघतात.

स्मारकाच्या घटनेत काही गोष्टी स्पष्ट हव्यात. लेखकाच्या कुटुंबाच्या किती जागा, आणि त्या पिढ्यान् पिढ्या की ठरावीक मुदतीपुरत्या? सरपंच पदसिद्ध सदस्य असेल का? असेल तर निवडणूक हरल्यावर नवा सरपंच आपोआप येतो की जुनाच चिकटून राहतो? विश्वस्ताची मुदत किती वर्षं, लागोपाठ किती वेळा? कोणी वारलं किंवा बैठकांना येईनासं झालं तर जागा कशी भरायची? आणि सर्वांत महत्त्वाचं, संस्था बंद पडली तर वस्तू आणि कागद कुठे जाणार? हे शेवटचं कलम कोणाला लिहावंसं वाटत नाही, अपशकुनी वाटतं. पण ते नसेल तर हस्तलिखितं कोणाच्या तरी माळ्यावर जातात आणि वाळवी आपलं काम करते.

विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. तो दिला नाही तर कागदावर जुनेच विश्वस्त राहतात, त्यातले दोन वारलेले असतात, आणि बँक नव्या अध्यक्षाची सही घेत नाही. खात्यात पैसे असून वापरता येत नाहीत, अशा संस्था शोधायला लांब जावं लागत नाही. दर वर्षी हिशोब तपासून घेऊन लेखापरीक्षण अहवाल सादर करायचा असतो. ट्रस्टची जमीन किंवा इमारत विकायची, बक्षीस द्यायची, तारण ठेवायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. इमारत किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं देतानाही हीच अट आहे. त्यामुळे अध्यक्षाच्या एका सहीवर स्मारकाच्या अंगणात मोबाईल टॉवर उभा राहत नाही. राहिला तर गावातला कोणीही हितसंबंध असलेला माणूस धर्मादाय कार्यालयात दाद मागू शकतो.

ग्रामपंचायतीच्या नावावर घर घेतलं तर गोष्ट वेगळी. मालमत्ता सुरक्षित राहते, कारण ती विकायला किंवा लांब मुदतीनं द्यायला जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची मंजुरी हवी. पण दर पाच वर्षांनी सत्ता बदलते. आधीच्या पॅनलनं केलेलं स्मारक नव्या पॅनलला आपलं वाटेलच असं नाही. म्हणून घर ग्रामपंचायतीचं आणि चालवणं एखाद्या नोंदणीकृत संस्थेचं, असा लेखी करार करून, ग्रामसभेत ठराव घेऊन काम वाटून घेणं जास्त टिकाऊ ठरतं. ठरावाची नक्कल दोघांकडेही हवी. तोंडी काही नको.

हीच अडचण इंग्लंडमध्येही आली होती. शेक्सपिअरचं जन्मघर १८४७ साली लिलावात निघालं. एक अमेरिकी सर्कसवाला ते उचलून आपल्या देशात नेणार, अशी बोंब उठली आणि लोकवर्गणी करून ते तीन हजार पौंडांना वाचवलं गेलं. त्यासाठी पैसा गोळा करणाऱ्यांत कादंबरीकार डिकन्सही होता. पण कारभार कायद्यानं पक्का व्हायला १८९१ उजाडलं. त्या वर्षी संसदेनं खास कायदा करून ट्रस्टला अधिकार दिले. घर वाचवणं आणि कारभार बसवणं यात ४४ वर्षांचं अंतर पडलं.

खर्चाचा हिशोब, बोटावर मोजता येईल असा

एक छोटं, तीन खोल्यांचं घर धरा. एक माणूस दिवसभर उघडायला, झाडायला, माहिती सांगायला ठेवला आणि त्याला महिन्याला १० हजार दिले. वीज दीड हजार. साफसफाईचं सामान, किरकोळ दुरुस्ती, कीडनाशक फवारणी मिळून दोन हजार. झाले महिन्याचे साडेतेरा हजार, वर्षाचे एक लाख ६२ हजार. कार्यक्रम, लेखापरीक्षकाची फी, कौलं फेरणं यात धरलेलं नाही.

आता तिकीट १० रुपये ठेवलं तर हा खर्च काढायला वर्षाला १६ हजार २०० माणसं लागतील. वर्षात ३०० दिवस उघडं ठेवलं तर रोज ५४. खेड्यातल्या किती स्मारकांवर रोज ५४ माणसं येतात? म्हणून तिकिटावर घर चालत नाही, हे सुरुवातीलाच मान्य करावं. तेवढेच पैसे बँकेच्या व्याजातून काढायचे, तर सात टक्के दरानं सुमारे २३ लाखांची ठेव लागते. आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी मिळतो तो बांधकामासारख्या टिकाऊ कामाला, चौकीदाराच्या पगाराला नाही. म्हणून जिल्ह्यात आणि जिल्ह्याबाहेर सभागृहं दिसतात आणि त्यांची कुलपं दिसतात.

चालू खर्चासाठी काही वाटा आहेत. गावात शासनमान्य वाचनालय असेल तर ते स्मारकाच्या जागेत आणता येतं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्य वाचनालयाला अ, ब, क, ड अशा वर्गानुसार अनुदान मिळतं. रक्कम फार नाही आणि वेळेवर येईल याची खात्री नाही, पण घर रोज उघडायला एक माणूस मिळतो. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, म्हणजे सीएसआर, २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार वारसा, कला-संस्कृती आणि सार्वजनिक ग्रंथालयांवर खर्च करता येतो. पाच कोटी किंवा त्याहून जास्त निव्वळ नफा असलेल्या कंपनीला सरासरी नफ्याचे दोन टक्के द्यावे लागतात. मात्र कंपनी कागद मागते. संस्थेची नोंदणी, प्राप्तिकराची १२ए आणि ८०जी नोंद, सीएसआर-१ क्रमांक आणि मागच्या वर्षांचे तपासलेले हिशोब. ज्यांचे हिशोब दप्तरात तयार असतात त्यांचं काम होतं. बाकीचे निवेदन देऊन फोटो काढून परत येतात.

वस्तूंची नोंद नसेल तर चोरी झाली हेही कळत नाही

२५ मार्च २००४ रोजी शांतिनिकेतनच्या रवींद्र भवन संग्रहालयातून रवींद्रनाथ टागोरांचं नोबेल पदक चोरीला गेल्याचं उघड झालं. केंद्रीय विद्यापीठाचं संग्रहालय, तपासाला सीबीआय, तरी मूळ पदक परत मिळालं नाही. नोबेल प्रतिष्ठाननं नंतर प्रतिकृती दिल्या. २०१५ साली कर्नाटकातल्या कुप्पळी गावात कवी कुवेंपूंच्या घरात चोर शिरले आणि पद्म पुरस्कारांची पदकं घेऊन गेले. ते घर जंगलाच्या कुशीत, गावापासून बाजूला आहे. आपल्या भागाशी हे वर्णन जुळतं.

म्हणून अनुभवी संग्रहालयं मौल्यवान मूळ वस्तू बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतात आणि काचेत प्रतिकृती. पण त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे दाखल नोंदवही. प्रत्येक वस्तूला क्रमांक, कोणी दिली, कधी दिली, कायमची की पाहायला ठेवायला, देणाऱ्याची सही, वस्तूचा फोटो. पुढे देणाऱ्याचा मुलगा येऊन "आमच्या आजोबांची पेटी परत द्या" म्हणाला तर ही वही बोलते.

कागदांची काळजी वेगळी. आपल्याकडचा पावसाळा दमट, आणि वाळवी बारमाही. लोखंडी कपाट, भिंतीपासून चार बोटं दूर. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावायची नाही, ती काही वर्षांत पिवळी पडून पान खाते. लॅमिनेशन तर अजिबात नाही, ते काढता येत नाही. आधी स्कॅन करून दोन ठिकाणी प्रत ठेवायची, लोकांना ती प्रत दाखवायची.

आणखी एक गल्लत होते. हस्तलिखित हातात आलं म्हणजे ते छापायचा हक्क आला असं नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढची ६० वर्षं कॉपीराइट वारसांकडे किंवा ज्याला दिला असेल त्याच्याकडे राहतो. केशवसुतांच्या कविता केव्हाच सगळ्यांच्या झाल्या. चितमपल्लींच्या पुस्तकांचा हक्क मात्र २०८५ सालाच्या अखेरपर्यंत टिकणार आहे. त्यांचे उतारे भिंतीवर रंगवायचे किंवा पुस्तिका काढायची, तर लेखी परवानगी घ्यावी लागेल.

मग नवेगावबांध आणि पदमपूरचं काय

मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे. जन्म ५ नोव्हेंबर १९३२. वनखात्यात छत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातला मोलाचा काळ नवेगावबांध-नागझिऱ्यात गेला. 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक त्याच काळाचं. २००६ साली सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरातच त्यांचं निधन झालं.

त्यांच्या बाबतीत 'घर' हा शब्द जरा अडचणीचा आहे. नोकरीतला माणूस सरकारी निवासस्थानात राहतो. ती वास्तू वनखात्याची. नवेगाव १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि डिसेंबर २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. जंगल हद्दीतल्या कुठल्याही इमारतीचं काय करायचं हे वनखातंच ठरवणार, ग्रामपंचायत किंवा ट्रस्ट नाही. तिथं काही करायचं तर खातं मालक आणि स्थानिक संस्था सहकारी, अशीच मांडणी लागेल. गावाच्या हद्दीत करायचं तर मात्र गाव मोकळं आहे.

आणि गावाकडे एक गोष्ट आधीच आहे. साताऱ्याच्या महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचं गाव' झालं. राज्य मराठी विकास संस्थेनं पुस्तकं आणि कपाटं दिली, गावकऱ्यांनी आपल्या घरातली खोली, ओसरी दिली. येणारा पाहुणा कुणाच्याही ओसरीवर बसून पुस्तक वाचतो. या योजनेचा विस्तार झाला तेव्हा विदर्भातून नवेगावबांधची निवड झाली. तलाव, पक्षी, जंगल बघायला येणारा पाहुणा तिथं आहेच. भिलारच्या पद्धतीत स्वतंत्र इमारत लागत नाही, चौकीदार लागत नाही, कारण घरमालकच राखण करतो. त्यातली एक ओसरी चितमपल्लींच्या पुस्तकांसाठी, त्यांनी गोळा केलेल्या पक्ष्यांच्या-झाडांच्या नावांसाठी राखून ठेवली तर तिला मंत्रालयाची मंजुरी लागणार नाही. ती नावं त्यांना इथल्याच माणसांनी सांगितली होती. ज्यांनी सांगितली त्यांच्या घरात जुने फोटो, पत्रं, सही केलेली पुस्तकं असतील तर त्यांची नोंद आत्ता करायला हवी. सांगणारी म्हातारी माणसं आहेत तोवरच ती होते.

पदमपूरची गोष्ट पूर्ण वेगळी. भवभूती आठव्या शतकातले. 'मालतीमाधव', 'महावीरचरित' आणि 'उत्तररामचरित' ही त्यांची तीन नाटकं. आपलं घराणं पद्मपूरचं, असं ते स्वतःच नाटकाच्या प्रस्तावनेत सांगतात. ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर, हे विदर्भाचे थोर संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडलं. आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतींचं नाव आहे. पण बाराशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं घर शोधून दाखवता येत नाही, आणि नवं बांधून "हेच ते घर" म्हणणं म्हणजे पाहुण्याला फसवणं. पदमपूरला जपायचे आहेत ते परिसरातले जुने अवशेष आणि मूर्ती. शेतात किंवा तलाव खोदताना मूर्ती निघाली तर तिला शेंदूर फासून पारावर बसवण्याआधी तलाठ्याला आणि तहसील कार्यालयाला कळवावं लागतं, पुरातत्त्व खात्याची नोंद करून घ्यावी लागते. कुठल्या गटात, किती खोलीवर निघाली, सोबत विटा किंवा खापरं होती का, हे त्याच दिवशी लिहून ठेवलं तर अभ्यासकाला त्याचा उपयोग होतो. मूर्ती हलवली आणि जागा विसरली गेली, तर उरतो नुसता दगड.